आधी पाणी बघा, मग मासा
छोट्या टाकीसाठी थव्याने राहणारे मासे निवडताना

शोभेच्या माशांच्या दुकानात भाव जोडीवर सांगतात. नेऑन इतक्याला जोडी, झेब्रा इतक्याला जोडी, विडो इतक्याला जोडी. त्यामुळे माळशिरस तालुक्यातल्या नातेपुत्यातलं एखादं कुटुंब अकलूजला, फलटणला किंवा बारामतीला खरेदीला गेलं, की मुलांच्या हट्टापायी पाच जातींची एकेक जोडी पिशव्यांत भरून घरी येते. टाकी दोन फुटांची, मासे दहा, जाती पाच. पहिले दोन दिवस घर टाकीपुढून हलत नाही. मग एक मासा फिल्टरमागे दडून बसतो, दुसरा तिसऱ्याची शेपटी कुरतडतो आणि महिनाभरात टाकीत दोन-तीनच मासे उरतात. घरच्यांना वाटतं, आपल्याला मासे लाभत नाहीत.

लाभण्या न लाभण्याचा इथे संबंध नाही. बहुतेक वेळा दोनच गोष्टी चुकलेल्या असतात. थव्याने राहणारा मासा जोडीने आणलेला असतो, आणि तो आणताना घरच्या पाण्याचा विचार झालेला नसतो. माळशिरस तालुक्यातलं पाणी मुंबईच्या पाण्यासारखं नाही आणि इथला मे महिना पुण्यासारखा नाही. म्हणून इथल्या घरासाठी सल्लाही इथलाच हवा. तो थोडक्यात असा: आधी आपलं पाणी ओळखा, त्या पाण्यात सुखाने जगणारी एकच जात निवडा आणि ती पुरेशा संख्येने आणा.

थवा कशासाठी?

झेब्रा डॅनिओ, टेट्रा, रास्बोरा, लहान बार्ब हे बोटाच्या पेरापासून बोटभर लांबीपर्यंतचे मासे. नदी-ओढ्यात त्यांना खाणारे पुष्कळ. काटा नाही, विष नाही, दडायला पक्की जागा नाही. त्यांचं संरक्षण म्हणजे संख्या. शंभर मासे एकदम वळले की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९७१ साली हाच विचार गणिताने मांडला होता. कळपात शिरणारा प्रत्येक प्राणी आपल्यावरचा धोका शेजाऱ्यांत वाटून टाकतो. थव्यातलं अंतर राखायला माशाला डोळे आहेतच, शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. शेजारचा मासा हलला की पाण्यात उठणारी लहर तिला कळते.

काचेच्या टाकीत शिकारी नसतो, पण माशाचं शरीर ते जाणत नाही. दोघेच असले की ते सतत धास्तावलेले राहतात. रंग उतरतो, खाणं कमी होतं, आजार लवकर पकडतो. काही जातींत उलटं होतं. दोघांतला दांडगा दुबळ्याला दिवसभर पळवतो, कारण पळवायला दुसरं कोणी नसतं. दहा जण असले की ही दांडगाई वाटली जाते आणि कोणालाच फारशी लागत नाही. म्हणून अशा कोणत्याही जातीचे निदान सहा मासे हवेत. आठ ते दहा असतील तर उत्तम.

आता छोट्या टाकीचं गणित आपोआप सुटतं. दोन फुटांच्या टाकीत दहा-बारा बारीक मासेच मावतात. ते पाच जातींत वाटले तर एकही थवा होत नाही. एकाच जातीचे दहा आणले तर खरा थवा दिसतो, त्यांचं वळणं, पांगणं, पुन्हा जुळणं बघायला मिळतं, आणि खाद्य, तापमान, पाणी सगळं एकाच जातीच्या हिशोबाने ठेवता येतं.

टाकीचं माप

टाकीत किती लिटर मावतात हे दुकानदाराला विचारायची गरज नाही. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजा, गुणाकार करा आणि ६१ ने भागा. दीड फूट लांब, दहा इंच रुंद आणि एक फूट उंच टाकी म्हणजे १८ × १० × १२ = २१६०, भागिले ६१, साधारण ३५ लिटर. दोन फूट × एक फूट × एक फूट टाकी सुमारे ५६ लिटरची. वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली तर तिच्यात प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास राहतं. पाणी, काच आणि वाळू मिळून हीच टाकी ७० किलोच्या घरात जाते. टीव्हीच्या हलक्या स्टँडवर ती ठेवू नका.

घ्यायचीच असेल तर दोन फुटांची घ्या. हे मासे आडवे पोहतात, त्यांना उंचीपेक्षा लांबी हवी. दीड फुटाच्या टाकीत दोन-तीन सेंटिमीटरच्या अगदी बारीक जातीच ठेवता येतात. वीस लिटरच्या आतली टाकी आणि काचेचा गोल वाडगा थव्याच्या माशांसाठी नाही. तिथे पाणी लवकर तापतं, लवकर बिघडतं आणि पोहायला वाव नसतो.

आपलं पाणी ओळखा

आपल्याकडच्या घरांत तीन-चार प्रकारचं पाणी असतं: बोअरचं, विहिरीचं, नळाचं आणि पिण्यासाठी आणलेलं आरओचं. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, गिझर आणि नळाच्या तोट्यांवर पांढरा थर चढतो, हे सगळ्यांच्या ओळखीचं. तो थर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा. माशाला हे पाणी वाईट असतंच असं नाही. कोणत्या माशाला, हा प्रश्न आहे.

पाणी मोजायला महागडं साहित्य लागत नाही. ठिबकवर डाळिंब किंवा ऊस असलेल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी विहिरीचं, बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलेलं असतं. तो अहवाल काढा. त्यात सामू म्हणजे पीएच आणि ईसी हे दोन आकडे बघा. ईसी डेसीसायमन प्रति मीटर या एककात असेल तर त्याला ६४० ने गुणा, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, अंदाजे किती ते कळेल. ईसी १ असेल तर टीडीएस सुमारे ६४०, ईसी २ असेल तर १२८०. अहवाल नसेल तर आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे पेनासारखा टीडीएस मीटर असतो, त्याच्याकडून मोजून घ्या. पीएचसाठी माशांच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं.

हा आकडा वर्षभर एक राहत नाही. नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आवर्तन सुटलं की पाझराने विहिरींचं पाणी वाढतं आणि क्षार थोडे पातळ होतात. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली गेलं की क्षार चढतात. त्यामुळे एकदा दिवाळीनंतर आणि एकदा एप्रिलमध्ये मोजा. कालव्याचं पाणी थेट टाकीत कधी घेऊ नका. त्यात गाळ असतो आणि वाटेतल्या शेतांतून आलेली फवारणीची औषधंही असू शकतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी शुद्ध करायला टाकली जाणारी टीसीएल पावडर माणसासाठी गरजेची आहे, पण तिचा क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा आणि त्यात हवेचा पंप सोडा, किंवा दुकानातले क्लोरीन मारणारे थेंब बाटलीवरच्या मापाने टाका. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी तेही एक दिवस बादलीत मुरू द्या. जमिनीखालून ताज्या आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कर्बवायू जास्त असू शकतो.

नुसतं आरओचं पाणी भरणं हा उलट टोकाचा धोका आहे. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच सांभाळणारं काही उरत नाही आणि तो अचानक कोसळतो. आरओ वापरायचं तर मिसळून वापरा. समजा बोअरचं टीडीएस १२०० आणि आरओचं ५० आहे. एक भाग बोअर आणि चार भाग आरओ घेतलं तर मिश्रण २८० च्या आसपास येतं, आणि बहुतेक टेट्रांना ते मानवतं. हे प्रमाण वहीत लिहून ठेवा आणि दर वेळी तेच वापरा.

लिंबू, व्हिनेगर किंवा तुरटी टाकून पीएच उतरवण्याच्या फंदात पडू नका. जड पाण्यातले बायकार्बोनेट तो पुन्हा वर ओढतात. असा रोज वरखाली होणारा पीएच माशाला स्थिर जड पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो.

जड पाण्यासाठी मासे

बोअरचं पाणी थेट वापरायचं असेल तर पहिली पसंती झेब्रा डॅनिओला द्या. हा आपल्याच उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. लांबी चार-पाच सेंटिमीटर, अंगावर निळ्या आडव्या पट्ट्या, दिवसभर वरच्या थरात धावपळ. जड पाणी, हिवाळ्याचा गारवा, उन्हाळ्याची धग, तिन्ही तो इतर लहान माशांपेक्षा चांगली सोसतो. जगभरच्या प्रयोगशाळांत तो याच चिवटपणामुळे आणि लवकर वाढणाऱ्या पारदर्शक पिल्लांमुळे पोहोचला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्यावर संशोधन चालतं. हृदयाचा कापलेला तुकडा तो पुन्हा घडवू शकतो, हे २००२ साली सिद्ध झालं. दुकानात तो सर्वांत स्वस्त माशांपैकी एक असतो, म्हणून लोक त्याच्याकडे बघत नाहीत. दहा झेब्रे दोन फुटांच्या टाकीत एकत्र धावताना बघा, मग त्याची किंमत कळेल. तो उडी मारतो, तेव्हा टाकीला झाकण हवंच.

दुसरा पर्याय प्रिस्टेला टेट्रा, म्हणजे एक्स-रे टेट्रा. दक्षिण अमेरिकेच्या किनारी भागातला हा मासा किंचित खारट पाणीही सोसतो, म्हणून टेट्रा असूनही जड पाण्यात टिकतो. अंग पारदर्शक, पाठीच्या पंखावर पिवळा, काळा, पांढरा ठिपका. स्वभावाने शांत. दुकानात नेहमी नसतो, सांगून ठेवावा लागतो.

तिसरी काळी विडो टेट्रा. भारतात मिळणाऱ्या विडो तलावांत आणि हौदांत पैदास केलेल्या असल्याने चिवट असतात. पण सहापेक्षा कमी ठेवल्या तर चावऱ्या होतात आणि लांब शेपटीच्या गप्पींबरोबर तर कधीच ठेवू नयेत.

गप्पी काटेकोर अर्थाने थव्याचा मासा नाही, तरी गटात सुखी असतो आणि जड पाणी त्याच्या आवडीचं. डास निर्मूलनासाठी आरोग्य विभाग हेच मासे विहिरीत आणि हौदात सोडतो, त्यामुळे गावागावांत तो ओळखीचा आहे. लहान टाकीत मात्र फक्त नर ठेवा, सहा ते आठ. मादी महिन्याभराने वीस-तीस पिल्लं देते, आणि एकदा फळलेली मादी नर नसतानाही पुढचे काही महिने पिल्लं देत राहते. चाळीस लिटर पाणी हा पसारा झेपवू शकत नाही.

आपल्या भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातला टिक्टो बार्बही शोभिवंत आहे. रुपेरी अंगावर दोन काळे ठिपके, विणीच्या काळात नराच्या अंगावर लालसर झाक. आपलं पाणी आणि आपला उन्हाळा त्याच्या रक्तातच आहे. पण तो ओढ्यातून पकडून आणू नका. रानच्या माशाबरोबर कृमी आणि रोग टाकीत येतात. पैदास केलेला मिळाला तरच घ्या.

मिसळलेल्या पाण्यासाठी मासे

आरओ मिसळण्याची शिस्त पाळायची तयारी असेल तर निवड वाढते. सुरुवात हार्लेक्विन रास्बोराने करा. तांबूस अंगावर काळा त्रिकोण, साडेचार सेंटिमीटर लांबी, शांत स्वभाव, आणि हा थवा खरोखर एकत्र पोहतो. दीड फुटाच्या टाकीसाठी एम्बर टेट्रा उत्तम. जेमतेम दोन सेंटिमीटरचा, निखाऱ्याच्या रंगाचा. दहा-बारा ठेवले आणि मागे हिरवी रोपं लावली की तो रंग खुलतो.

नेऑन टेट्रा सगळ्यांनाच हवा असतो, आणि आपल्याकडे तोच सर्वांत जास्त मरतो. तो अॅमेझॉन खोऱ्यातल्या गर्द झाडीखालच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. त्याला २० ते २६ अंश सेल्सिअस मानवतं. मे महिन्यात पत्र्याच्या घरातलं टाकीचं पाणी ३२-३३ अंशांवर जातं, तेव्हा तो तग धरत नाही. घर थंड असेल आणि तुम्ही दोन उन्हाळे इतर मासे नीट सांभाळले असतील, तरच त्याच्याकडे वळा. त्याचा भाऊ कार्डिनल टेट्रा उष्णता थोडी जास्त सोसतो, पण पाणी त्यालाही मऊच लागतं.

छोट्या टाकीत हे आणू नका

दुकानात पाच सेंटिमीटरचा दिसणारा सकर मासा काचेवरचं शेवाळ खातो म्हणून विकला जातो. तो फूटभराहून मोठा होतो. ‘शार्क’ म्हणून मिळणारं चंदेरी पिल्लू खरं तर पंगस, म्हणजे मत्स्यशेतीत किलोंनी वाढवला जाणारा मासा. गोल्डफिश थंड पाण्याचा, फार घाण करणारा आणि मोठा होणारा. एंजल लहानपणी देखणा दिसतो, मोठा झाला की बारीक टेट्रा गिळतो. टायगर बार्ब थव्याचा असला तरी इतरांच्या पंखांना लागतो. तो ठेवायचा तर फक्त त्याचाच थवा, आठ-दहाच्या संख्येने. केरळातला देखणा डेनिसन बार्ब म्हणजे मिस केरला, तो बराच मोठा होतो, निसर्गात धोक्यात आलेला आहे आणि त्याला तीन-चार फुटांची टाकी हवी.

गडद गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगाचे विडो किंवा तशाच रंगांचे काचेसारखे पारदर्शक मासे दिसले तर सावध राहा. असे रंग पुष्कळदा सुईने टोचलेले किंवा रसायनात बुडवून चढवलेले असतात. रंग काही महिन्यांत जातो, आणि तोवर कितीतरी मासे दगावलेले असतात. ते विकत न घेणं हा त्यावरचा आपल्या हातातला उपाय आहे.

मासे आणण्याआधी टाकी तयार होऊ द्या

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांना वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात.

जड पाणी वापरणाऱ्याने इथे जास्त जपायला हवं. अमोनियाची विषारी बाजू पीएचबरोबर वाढते. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, आणि उन्हाळ्यात त्याहून वर. म्हणजे जे घाणीचं प्रमाण मऊ पाण्यात चालून जातं, तेच आपल्या बोअरच्या पाण्यात मासे मारतं.

म्हणून आधी टाकी लावा, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सुरू करा, रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाका आणि चार-पाच आठवडे थांबा. ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणा, वेळ बराच वाचेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की पहिले सहा मासे सोडा, पंधरा दिवसांनी उरलेले चार. रोपांत वॅलिस्नेरिया जड पाण्यात जोमाने वाढते. तिच्या लांब पात्यांमुळे माशांना आडोसा मिळतो आणि नायट्रेटही कमी होतं.

पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. स्पंज नळाखाली धुवू नका, जिवाणू मरतील. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

दुकानात आणि रस्त्यात

माल कधी आला ते विचारा. आलेल्या दिवशीचे मासे घेऊ नका, आठवडाभर दुकानात टिकलेले घ्या. टाकीत मेलेला मासा, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, मिटलेले पंख, खपाटीला गेलेलं पोट, यातलं काहीही दिसलं तर त्या टाकीतला एकही मासा नको. आपल्यासमोर चिमूटभर खाद्य टाकायला सांगा. निरोगी थवा तुटून पडतो. जोडीच्या भावावर थांबू नका, दहा घेतो म्हणून सांगा. भाव बहुधा कमीच होईल.

उन्हाळ्यात दुपारी मासे आणू नका. संध्याकाळी घ्या, प्राणवायू भरलेली पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, गाडीच्या हँडलला लटकवू नका. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगती ठेवा. मग उघडा, दर पाच मिनिटांनी एक कप टाकीचं पाणी घाला आणि अर्ध्या तासात जाळीने मासे टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. पिशवी उघडल्यावर तासन्‌तास रेंगाळणंही वाईट. कर्बवायू उडून पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. पहिल्या रात्री दिवा बंद, खाद्य नाही.

उन्हाळा, लाईट आणि हिवाळा

२० अंशांच्या पाण्यात प्रत्येक लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. म्हणून मार्च लागला की तीन गोष्टी करा. टाकी पत्र्याखालून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून घरातल्या सर्वांत थंड खोलीत न्या. झाकणाच्या जागी जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपली हवा कोरडी असल्याने बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. खाद्य निम्म्यावर आणा.

उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्यानेच करा, बोअरच्या नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी ओतत गेलात तर दोन महिन्यांत टीडीएस दीडपट होऊ शकतो.

लाईट गेली की फिल्टर बंद, प्राणवायू बंद. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असू द्या, किंवा टाकीचा पंप इन्व्हर्टरवर घ्या. त्याला चार-पाच वॉट पुरतात. हिवाळ्यात झेब्राला काही लागत नाही, पण टेट्रा आणि रास्बोरा असतील तर ५० वॉटचा हीटर लावा आणि पाणी २४ अंशांवर धरा.

खाद्य, फवारणी आणि वारी

बारीक माशाचं तोंड टाचणीच्या डोक्याएवढं. मोठ्या गोळ्या त्याच्या कामाच्या नाहीत. चुरलेलं फ्लेक खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यात एक दिवस उपास ठेवला तर फायदाच होतो. पंढरपूरला किंवा शिखर शिंगणापूरला तीन-चार दिवस जायचं असेल तर निरोगी मोठे मासे उपाशी सहज राहतात. शेजाऱ्याला खाद्याचा डबा देऊन जाऊ नका.

शेतातून फवारणी करून आलेल्या हाताने टाकीला स्पर्श करू नका. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं माणसाला सोसवतात त्या मात्रेच्या कितीतरी कमी मात्रेत मासे मारतात. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, टाकीची बादली आणि मग वेगळे ठेवा, ती औषध कालवायला कधी नेऊ नका. डासांसाठी गल्लीत धूरफवारणी होत असेल तेव्हा खिडक्या लावा, टाकी ओल्या कापडाने झाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर तो धूर थेट पाण्यात ढकलतो.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा नातेपुत्यात मुक्काम असतो. त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरतं आणि पाण्याच्या स्रोतांत टीसीएल जास्त पडतं. पालखीच्या आठवड्यात नळाच्या पाण्याने टाकीचं पाणी बदलू नका, आधीच एक-दोन बादल्या साठवून ठेवा. खाद्याचा डबा कपाटात ठेवा. घरी आलेलं प्रत्येक लेकरू मायेने एकेक चिमूट टाकतं, आणि संध्याकाळपर्यंत पाणी पांढुरकं होतं.

मासे बाहेर सोडू नका

कंटाळा आला, टाकी फुटली, पिल्लं जास्त झाली, कारण काहीही असो, टाकीतले मासे विहिरीत, शेततळ्यात, कालव्यात किंवा ओढ्यात सोडू नका. इथून निघालेलं पाणी नीरेला आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळतं. टाकीतून सुटलेला सकर मासा देशातल्या कितीतरी जलाशयांत पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा टाकी असलेल्या घरी द्या.

सुरुवात कशी करावी

बोअरचंच पाणी आणि घर तापणारं असेल तर दोन फुटांची टाकी, वॅलिस्नेरिया आणि दहा झेब्रा डॅनिओ. आरओ मिसळता येत असेल आणि खोली थंड असेल तर तीच टाकी आणि दहा हार्लेक्विन रास्बोरा. जागाच दीड फुटाची असेल तर मिसळलेलं पाणी आणि दहा एम्बर टेट्रा, किंवा बोअरचं पाणी आणि सहा नर गप्पी. यातला एकच बेत निवडा आणि त्यात वर्षभर दुसरी जात घालू नका. टाकी दिवाळीनंतर लावा, म्हणजे मासे रुळायला थंडीचे तीन महिने मिळतील आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत तुमचा हातही बसलेला असेल. तो उन्हाळा सगळ्या थव्याने पार केला, की दुसऱ्या जातीचा विचार खुशाल करा.